सायबरनेटिक्स वाचायला बसताय? आधी ‘निगेटिव्ह’ समजून घ्या

सायबरनेटिक्स म्हणजे यंत्रात नि प्राण्यात नियंत्रण आणि संदेशांची देवाणघेवाण कशी चालते याचं शास्त्र. त्याचा मूळ ग्रंथ, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरचं 1948 सालचं ‘सायबरनेटिक्स’, उघडून दुसऱ्या प्रकरणातल्या गणिताला घाबरून मिटलंय ना? मीही मिटलं होतं. ‘मूळ ग्रंथापासूनच सुरुवात करा’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकांपैकी निम्म्यांनी तो स्वतः पूर्ण वाचला नसावा, असा माझा संशय आहे. आधी ॲशबी घ्या. हा इंग्लंडमधला मनोविकारतज्ज्ञ. त्याच्या 1956 च्या प्रास्ताविक पुस्तकाला शाळेतलं बीजगणित पुरतं. सोडवायला गणितं आहेत, मागे उत्तरंही आहेत. ती सोडवा. दहा मिनिटांचे सारांशाचे व्हिडिओ पाहून आपल्याला सगळं कळलं असं वाटतं, आणि तेच महागात पडतं.

मला पडलं. सेमिनारमध्ये मी ठणकावून सांगितलं की निगेटिव्ह फीडबॅक व्यवस्थेला मारक आणि पॉझिटिव्ह पोषक. परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, “गच्चीवरच्या टाकीत फ्लोट आहे ना तुमच्या?”

फीडबॅक म्हणजे परिणाम फिरून कारणापाशी येणं. पाणी चढलं की गोळा वर येतो, व्हॉल्व्ह बंद होतो. पाणी उतरलं की उघडतो. बदल एका दिशेला झाला की कृती उलट दिशेला, म्हणून ‘निगेटिव्ह’. वजाचं चिन्ह आहे ते, शिवी नव्हे. त्याच्याच जिवावर टाकी वाहत नाही. आणि पॉझिटिव्ह म्हणजे? मंडळाच्या कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर नेला की कान फाडणारी शिट्टी येते, ते. आवाज आवाजालाच वाढवत जातो. ऑफिसातल्या फीडबॅक फॉर्मने आपली डोकी बिघडवली आहेत, दुसरं काही नाही.

पण निगेटिव्ह म्हणजे सगळं आलबेल, असंही धरू नका. मी नंतर त्या टोकाला गेलो. गिझरचं पाणी नळाशी उशिरा पोचतं. आपण नळ जास्त फिरवतो, मग पोळतं. घाईने उलटा फिरवतो, मग गारठतो. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांच्या कामावर असताना वीनर आणि त्याचा इंजिनिअर सहकारी बिगेलो यांना हेच हेलकावे दिसत होते. माणसाच्या शरीरात असं काही होतं का, असं त्यांनी शरीरक्रियातज्ज्ञ आर्तुरो रोझेनब्लूथला विचारलं. त्याचं उत्तर होतं: होतं. लहान मेंदूला इजा झाली की वस्तू उचलायला गेलेला हात असाच थरथरत पुढे-मागे होतो. हा प्रसंग वाचला आणि यंत्र नि प्राणी एका वाक्यात का येतात ते मला पहिल्यांदा कळलं. तुम्हालाही कळेल, घाबरू नका.

सायबरनेटिक्स जिथे आकाराला आलं त्या 1946 ते 1953 मधल्या दहा मेसी परिषदांमधली नावं (मॅककलक, मीड, बेटसन) पाठ करू नका, वाचता वाचता ओळखीची होतात. निरीक्षकालाही व्यवस्थेत धरणारा फॉन फोर्स्टर नंतर. 1970 च्या दशकात सरकारी कारखाने संगणकाच्या मदतीने सांभाळू पाहणाऱ्या चिलीतल्या सायबरसिन प्रकल्पाच्या नियंत्रणकक्षाचे फोटो मोहात पाडतील, पण तो आखणाऱ्या स्टॅफर्ड बीअरचा सगळा डोलारा ॲशबीच्या विविधतेच्या नियमावर (अडचणी जितक्या तऱ्हेच्या, तितक्या तऱ्हेची उत्तरं नियंत्रकाकडे हवीत) उभा आहे. ॲशबी झाल्याशिवाय बीअर उघडू नका. मी उघडली होती. दोन आठवडे उतरली नाही.