थंडीत ग्रिलवर भरीत करायचंय? आधी गॅसची टाकी बघा. मग बाकीचं.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. शिकागोच्या पश्चिमेकडचं आमचं उपनगर, बाहेर 7 फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे 14, घरात अठरा माणसं, जळगावहून आलेल्या सासूबाई आणि बॅकयार्डात ग्रिलवर अकरा वांगी. भरीत पार्टी मीच जाहीर केलेली, वर "अहो आम्ही बाराही महिने ग्रिल करतो" असं सगळ्यांना फोनवर ऐकवलेलं. वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि ज्योत बारीक होत होत बसली. टाकी दुसरी नाही. नवरा गाडी काढून गेला तर दुकानाबाहेरच्या टाक्यांच्या पिंजऱ्याला कुलूप, चावी असलेला माणूस घरी गेलेला. मग वांगी आणली आत, ओव्हनच्या ब्रॉयलरखाली, म्हणजे वरून येणाऱ्या आचेखाली, घातली, स्मोक अलार्म बोंबलला, आणि अठरा माणसं कोट घालून उघड्या दारं-खिडक्यांत बसली. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, जेवताना फक्त एवढंच विचारलं, "वांगं उकडलंस का गं?"

तर आता चंपाषष्ठी जवळ आलीय, चातुर्मासात वांगं सोडलेली मंडळी भरताची वाट बघून आहेत, आणि मला चार जणांनी विचारलं की थंडीत ग्रिलची तयारी काय करायची, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट टाकी. प्रोपेनची टाकी. हलवून बघू नका, उचलून "जड वाटतेय" म्हणू नका, मी तेच केलं होतं. वजन करा. टाकीच्या वरच्या कड्यावर टीडब्ल्यू अशी अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो, ते रिकाम्या टाकीचं वजन, साधारण 17 पौंड, पण आपापल्या टाकीवरचा आकडा वाचा. काट्यावर येईल त्यातून तो वजा केला की उरला तो गॅस, संपला विषय. काटा कुठून आणू म्हणू नका, भारतात जाताना 23 किलोच्या बॅगा लटकवून मोजायचा हुकवाला काटा आपल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे, तोच टाकीच्या कड्यात अडकवा. पुण्यात आमची आई गॅसवाल्याला दारात सिलिंडर काट्याला लावायला लावायची, तो वैतागायचा, आम्हाला लाज वाटायची. आता कळतंय. आणि हो, इथे रिकामी देऊन भरलेली टाकी आणतो ना, ती 20 पौंडांची म्हणून मिळते पण आत बऱ्याचदा 15 पौंडच भरलेला असतो, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा.

आता मजा ऐका, त्या रात्री माझी टाकी रिकामी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मोजली तर 3 पौंड गॅस शिल्लक. प्रोपेन टाकीत पातळ असतो, त्याची वाफ झाली तर ज्योत, आणि वाफ व्हायला त्याला बाहेरून पत्र्यातून उष्णता खेचावी लागते. तो उणे 42 सेल्सिअसलासुद्धा उकळतो म्हणून इथे चालतो (भारतातल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो, तो शून्याच्या आसपासच उकळायचा थांबतो, इथल्या थंडीत उपयोग नाही). पण टाकीत पातळ गॅस तळाला गेला की पत्र्याला टेकणारा भाग कमी, उष्णता कमी, वर आपण तीनही बर्नर फुल ठेवलेले, वाफ होता होता उरलेला गॅस अजून गार पडतो, आणि दाब पडतो. म्हणजे उन्हाळ्यात जे 3 पौंड तासभर सहज चालले असते ते जानेवारीत नुसतं ओझं. माझा नियम: थंडीत 5 पौंडांच्या खाली गेली की ती टाकी रिकामी समजायची आणि उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवायची. माझं 30,000 बीटीयूचं (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप, ताशी) ग्रिल फुल ठेवलं तर तासाला साधारण दीड पौंड खातं, त्यावरून तुमचा हिशोब करा.

आणि दुसरी टाकी. भरलेली. घरी. पार्टीच्या आधी, पार्टीच्या दिवशी नाही. कुठे ठेवायची? बाहेरच, उभी, घरापासून लांब. गराजमध्ये नाही, बेसमेंटमध्ये तर अजिबात नाही, प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. गार पडलेल्या टाकीवर गरम पाणी ओतणं, ब्लँकेट गुंडाळून हीटर लावणं, आडवी पाडून शेवटचा गॅस काढणं, हे आपले गावाकडचे उद्योग इथे करू नका. आडव्या टाकीतून वाफेऐवजी पातळ गॅस नळीत येतो, म्हणजे भडका. लिहायला बरं वाटत नाही पण कोणीतरी करेलच, आमच्याकडे त्या रात्री एक काका निघालेच होते.

बाकीची कामं ऑक्टोबरमध्येच उरका, पानं गळत असताना, बोटं चालतात तोवर. जोडणीला साबणाचं पाणी लावून गळती बघणं तेव्हाच होतं, नंतर साबणाचं पाणीच गोठतं. बर्नरच्या नळ्या काढून बघा, त्यात कोळी जाळी करतात आणि ज्योत अर्धीच येते. खालचा तेलाचा ट्रे घासा, उन्हाळाभराचं तूप-तेल साचलेलं असतं आणि ग्रिलला आग लागते ती बऱ्याचदा तिथूनच. बटन दाबून ठिणगी पडते त्यातली बॅटरी बदला. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरत असाल तर फेका, तार तुटून जाळीला चिकटते आणि तिथून पोटात, त्यापेक्षा अर्धा कांदा काट्याला टोचा आणि गरम जाळीवर घासा, वासही छान येतो. अपार्टमेंटवाल्यांनी लीज वाचा, बऱ्याच ठिकाणी बाल्कनीत ग्रिल चालत नाही. बस.

जागा. हे मात्र नीट ऐका. थंडी वाजते म्हणून ग्रिल गराजच्या दारात ओढायचं नाही, दार पूर्ण उघडं असलं तरी नाही, कोळशाचं असेल तर त्याहून नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, माणूस झोपल्यासारखा होतो आणि उठत नाही. भिंतीपासून दहा फूट तरी लांब, वर छज्जा नको. वारा बघा, ग्रिलच्या मागच्या फटीतून वारा आत शिरला की गरम हवा पुढे बटनांकडे ढकलली जाते, म्हणून त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे ग्रिल जरा फिरवा. पण ताडपत्रीचा आडोसा वगैरे बांधून तंबू करू नका.

आदल्या दिवशी: दारापासून ग्रिलपर्यंतचा रस्ता फावड्याने साफ, ग्रिलच्या भोवतीही, आणि वर मीठ किंवा वाळू. हातात गरम ट्रे घेऊन बर्फावर घसरणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. मीठ ग्रिलच्या पायांवर उडवू नका, गंजतात. कव्हर ओलं राहून बर्फाने चिकटलं असेल तर ओढून फाडू नका. उजेड: डिसेंबरच्या सुरुवातीला इथे 4 वाजून 20 मिनिटांनी सूर्य मावळतो, पाहुणे येणार साडेपाचला, म्हणजे सगळं अंधारात. डोक्याला बांधायचा दिवा घ्या, फोनचा टॉर्च तोंडात धरून चिमटा चालवता येत नाही, प्रयत्न केलाय. कपडे: फुगीर नायलॉनचं जॅकेट ठिणगीने वितळतं, मफलर, ओढणी, शाल सगळं आत खोचा, बाही घट्ट.

आणि टाकी मोजली का? आदल्या दिवशी परत मोजा. ऑक्टोबरमध्ये मोजली होती हे कारण नाही, मधे दोनदा कोणीतरी कणसं भाजलेली असतात.

वांगी. इथली जांभळी गोल वांगी पाणचट, जळगावकडच्या बामणोदच्या हिरव्या वांग्यांची सर नाही आणि सासूबाई हे दर वेळी सांगतात, त्यांच्याकडे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, तो धूर गॅसला येणार नाही, ठीक आहे. हातात हलकी वाटतील ती घ्या, बिया कमी निघतात. चार ठिकाणी सुरीने टोचा नाहीतर फुटतात, खरंच फुटतात, आवाज करून. तेलाचा हात. फॉईलमध्ये गुंडाळू नका, फॉईलमधलं वांगं भाजत नाही, उकडतं (वरचा सासूबाईंचा प्रश्न आठवा). आणि ती चार तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा, गार वांगं थंडीतल्या ग्रिलवर म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या, हे सगळं घरात आधीच, बाहेर काही चिरायचं नाही.

पेटवताना झाकण उघडं. नेहमी. बंद झाकणात गॅस साचतो आणि मग भुवया जातात. टाकीचा व्हॉल्व्ह हळू फिरवा, अगदी हळू, झटकन उघडला तर रेग्युलेटरला वाटतं नळी फुटली आणि तो गॅस अडवून धरतो, मग ग्रिल अडीचशे-तीनशे फॅरनहाइटच्या वर जातच नाही आणि आपण बसतो थंडीला शिव्या देत. तसं झालं तर सगळी बटनं आणि टाकी बंद, नळी सोडा, मिनिटभर थांबा, परत जोडा, परत हळू. (माझ्या बाबतीत हेच झालं असेल असं नवऱ्याचं म्हणणं होतं, म्हणून तर दुसऱ्या दिवशी मोजली. टाकीच होती.) लायटर खिशात ठेवा, अंगाच्या उबेत, त्यात ब्युटेन असतो, बाहेर टेबलावर राहिला की पेटत नाही.

उन्हाळ्यात दहा मिनिटं तापवत असाल तर आता वीस-पंचवीस. आणि वांग्यांना 25 मिनिटं लागायची तिथे 40 धरा, वारा असेल तर अजून. म्हणजे गॅस किती जास्त जाईल ते कळलं ना. म्हणून टाकी.

झाकण उघडू नका. दर दोन मिनिटांनी "झालं का बघू" करणारा एक पाहुणा असतो, त्याला आत चहा द्या. झाकण उघडलं की सगळी गरमी आभाळात. वांगी दहा-बारा मिनिटांनी एकदा फिरवायची, चिमट्याने, चारही अंगांनी. सोबत चिकन असेल तर टोचायचा थर्मामीटर हवाच, आत 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस, थंडीत वरून करपलेलं चिकन आत कच्चं निघतं आणि अंधारात रंग दिसत नाही. पनीरला काही लागत नाही, पनीर शेवटी टाका.

कोळशाच्या ग्रिलवाल्यांनो, तुम्हाला टाकीची भानगड नाही, सुखी आहात, पण कोळसा नेहमीपेक्षा तिप्पट नाही तरी निम्मा जास्त घ्या, आणि राख दोन दिवस झाकणाच्या लोखंडी डब्यात बाहेर. कागदी पिशवीत नाही, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात नाही.

भाजलेलं आत नेताना: थंड ताटात काढलं की दोन मिनिटांत गार. पिकनिकचा कूलर घ्या, आधी त्यात गरम पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओता, मग आत झाकणाचं पातेलं. तासभर गरम राहतं. वांगी त्यात बंद राहिली की सालंही पटकन निघतात. साल काढायला दोन माणसं बसवा.

संपल्यावर आधी टाकी बंद, मग बटनं. कव्हर दुसऱ्या दिवशी, ग्रिल पूर्ण गार झाल्यावर. चिमटे आत आणा. कव्हर घालायच्या आधी टाकी काट्याला लावा, आकडा टेपवर लिहून टाकीलाच चिकटवा, तारखेसकट, म्हणजे घरातलं कोणीही "अर्धी तरी असेल" म्हणणार नाही.