व्यायामानंतर थंड पाण्यात बसताना
जोरदार व्यायामानंतर थंड पाण्यात बसल्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, वेदनेचे संदेश मंदावतात आणि दुसऱ्या दिवशी जाणवणारा स्नायूंचा ठणका काहीसा कमी होतो. त्यासाठी टबमधील पाण्याचे तापमान १० ते १५ अंश सेल्सिअस राखावे; बर्फ टाकल्यावर पाणी नीट ढवळून मगच थर्मामीटर बुडवावा, कारण बर्फालगतचे पाणी उरलेल्या पाण्यापेक्षा थंड असते आणि आकडा फसवतो.

आधी पावले, मग मांड्या, मग कंबर असे सावकाश उतरावे. पहिल्या मिनिटात धाप लागून श्वास भरभर चालू लागतो. तेव्हा लांब उच्छ्वास सोडत राहिल्यास तो ताळ्यावर येतो. १० ते १५ मिनिटे पुरेशी असतात; त्याहून अधिक बसण्यात मर्दुमकी असेल, उपयोग नाही. हुडहुडी भरल्यास लगेच बाहेर यावे, मात्र उठताना चक्कर येऊ शकते म्हणून कडेला धरावे.

स्नायू वाढवण्यासाठी वजने उचलणाऱ्यांनी हा उपाय रोजचा करू नये, कारण ज्या प्रक्रियेतून स्नायू वाढतात तीच थंडाव्याने मंदावते. लागोपाठच्या सामन्यांत तो खरा कामी येतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि एकट्याने तर कोणीच उतरू नये.