मोठ्या पॅकेजमधली एकच लायब्ररी कंपाइल करताय? या चुका टाळा

पॅकेजमध्ये ढीगभर प्रोग्रॅम, आपल्याला हवी एक लायब्ररी. मग वाटतं, तिच्या फोल्डरमध्ये शिरावं, सगळ्या सी फाइल्स जीसीसी या कंपायलरच्या हवाली कराव्यात, की झालं. बहुतेकांची गाडी इथेच रुतते.

युटिल-लिनक्स हे लिनक्सच्या मूलभूत कमांड्सचं पॅकेज घ्या. त्यातली फक्त लिबयूयूआयडी, म्हणजे यूयूआयडी हे एकमेव ओळख-क्रमांक बनवणारी लायब्ररी, हवी आहे. तिच्या फोल्डरमध्ये मेक ही बिल्ड करणारी कमांड चालवलंत तर तिच्या सूचनांची फाइल, म्हणजे मेकफाइलच नाही म्हणून रडगाणं सुरू होतं, कारण या पॅकेजची मुख्य मेकफाइल एकच, आणि ती सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये. हाताने जीसीसी चालवून मेकसारखीच कॉन्फिग.एच जोडायला गेलात तर ती सापडत नाही. कॉन्फिगर ही सिस्टीम तपासणारी स्क्रिप्ट चालवल्याशिवाय ती जन्मालाच येत नाही. इथे लोक रिकामी कॉन्फिग.एच बनवून एररचं तोंड बंद करतात. मीही केलंय. एरर जाते खरी, पण कॉन्फिगरने तपासून ठरवायच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आता 'नाही' झालेलं असतं. सिस्टीमवर गेटरँडम हे रँडम आकडे देणारं फंक्शन असलं तरी कोड आडवाटेनेच जातो, आणि हे कोणी सांगत नाही. एवढं करून शेवटी तुकडे जोडणारा लिंकर अडतोच: रँडम आकडे, एमडी५ आणि शा१ हॅश यांचा कोड लिबयूयूआयडीच्या फोल्डरमध्ये नाहीच, तो सगळ्यांच्या सामाईक 'लिब' फोल्डरमध्ये आहे.

काटछाट आपण करायची नाही, ती कॉन्फिगरला करू द्यायची. वरच्या फोल्डरमधून कॉन्फिगरला --डिसेबल-ऑल-प्रोग्रॅम्स आणि --एनेबल-लिबयूयूआयडी हे दोन फ्लॅग द्या, मग साधं मेक. दुसरं पॅकेज असेल तर कॉन्फिगर --हेल्प पाच मिनिटं वाचा. असे फ्लॅग बहुधा तिथेच सापडतात. कोड गिटवरून घेतला असेल तर कॉन्फिगर फाइलच नसते, आधी ऑटोजेन.एसएच चालवावी लागते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: बिल्ड झालं म्हणून उत्साहात सुडो मेक इन्स्टॉल. बहुतेक पॅकेजेस न सांगता /यूएसआर/लोकल मध्ये जातात, म्हणून आपण निर्धास्त असतो. युटिल-लिनक्सचा ठरलेला प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल होण्याची जागा, मात्र थेट /यूएसआर आहे. म्हणजे सिस्टीमच्या स्वतःच्या लायब्ररीवरच घाला. लिबयूयूआयडीच्या जागी लिबमाउंट असती, तर माउंट कमांडच धोक्यात. प्रीफिक्स नेहमी स्वतः द्या, आणि पहिल्यांदा मेक इन्स्टॉलला डेस्टडिर हा पर्याय देऊन रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून काय काय पडतंय ते बघा.

तिथून फाइल्स उचलतानाही घोळ होतो. लिबयूयूआयडी.एसओ ही नुसती सिमलिंक, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी. खरी फाइल लिबयूयूआयडी.एसओ.१.३.०, आणि प्रोग्रॅम चालताना शोधतो ते नाव लिबयूयूआयडी.एसओ.१. फक्त पहिलं नाव कॉपी केलंत तर लिंक होतं, पण चालवताना शेअर्ड ऑब्जेक्ट उघडत नाही म्हणून प्रोग्रॅम हात वर करतो. सीपी -ए ने सगळी साखळी न्या. हेडर आणि यूयूआयडी.पीसी (लायब्ररी कुठे आहे ते बिल्डला सांगणारी फाइल) पण. मग एलडीडी ही कमांड लावून प्रोग्रॅम नवीच लायब्ररी उचलतोय ना, ते पाहा.

कॉन्फिगरऐवजी सीमेक हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांचा त्रास वेगळा. --बिल्ड बरोबर --टार्गेट देऊन एकच लायब्ररी छान तयार होते, पण पुढे मेक इन्स्टॉल म्हटलं की अख्खं पॅकेज कंपाइल व्हायला लागतं, कारण इन्स्टॉल हे ठरल्याप्रमाणे 'ऑल'वर अवलंबून असतं. प्रोजेक्टने कंपोनंट, म्हणजे इन्स्टॉलचे वेगळे गट, आखून दिले असतील तर सीमेक --इन्स्टॉल ला --कंपोनंट जोडा. नसतील तर फाइल्स हाताने उचलणं आलं.

एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या पॅकेजमध्ये उलटी गंमत. --डिसेबल-एव्हरीथिंग दिलं की बिल्ड झटपट, एरर शून्य, लिबएव्हीकोडेक हजर. पण तिच्यात एकही डिकोडर नाही! प्रोग्रॅम डिकोडर मागतो आणि हातात नल येतो. हवा तो डिकोडर --एनेबल-डिकोडर ने नाव घेऊन मागावा लागतो. शिवाय ही लायब्ररी एकटी येत नाही, लिबएव्हीयुटिल सोबत लागतेच. स्टॅटिक लिंक करताना, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच भरताना, क्रमही सांभाळा: आधी लिबएव्हीकोडेक, मग लिबएव्हीयुटिल. उलट लिहिलंत तर दोन्ही फाइल्स समोर असूनही लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणत बसतो.