पाना हाती घेण्यापूर्वी : ऑफ-रोड गाडीच्या घरगुती दुरुस्तीत या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात कोकणातल्या एका जंगलवाटेवरून परतताना माझ्या जुन्या मारुती जिप्सीचे स्टिअरिंग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गेले की थरथरू लागले. झिजलेल्या सांध्यांचे हे ठरलेले लक्षण आहे, असे मी मनाशी पक्के केले आणि दोन रविवार खर्च करून दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे चाकाजवळचे सांधे) बदलले. तरीही थरथर कायम राहिली, म्हणून किंगपिनच्या (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्या) शिमही, म्हणजे पातळ चकत्याही, काढून पाहिल्या. शेवटी हवा भरायला पंक्चरच्या दुकानात गेलो असता तिथल्या पोऱ्याने चाक फिरवून पाहिले आणि रिमच्या आतल्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर घालून तळहाताएवढा, विटेसारखा कडक झालेला तांबड्या मातीचा गोळा काढून माझ्यासमोर ठेवला. चाकाचा तोल त्या गोळ्याने बिघडला होता. पोऱ्याने पैसे फक्त हवेचे घेतले.

चिखल आणि पाणी यांना झिजलेल्या सुट्या भागाचे सोंग फार चांगले वठवता येते. म्हणूनच घरी काम करणाऱ्याची पहिली चूक बहुधा पाना चुकीचा धरण्याची नसते, तर कारण सापडण्याआधीच पाना उचलण्याची असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत, आणि उरलेल्या मित्रांच्या अंगणात उभा राहून पाहिलेल्या आहेत.

धुताना होणाऱ्या चुका

गाडी चिखलातून आली की लोक ती थेट वॉशिंगला नेतात आणि जोराच्या फवाऱ्याखाली उभी करतात. देशावरची काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते आणि जांभ्याच्या मातीत बारीक खर असते, त्यामुळे दोन्ही लवकर काढणे आवश्यकच आहे. मात्र तो फवारा जवळून ऑइल सील, क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्याच्या) टोप्या, व्हील बेअरिंग किंवा अल्टरनेटर यांच्यावर धरला, तर नदीने जे पाणी आत घातले नव्हते ते आपण घालतो. रेडिएटरच्या नाजूक पत्र्या तर अशा फवाऱ्याने आडव्याच होतात. त्यावर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळीने पाणी सोडावे, म्हणजे अडकलेले गवताचे बी आणि चिखल आल्या वाटेने बाहेर पडतात. चासीच्या पोकळ पट्ट्यांना खालून पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती तारेने मोकळी केल्याशिवाय धुणे पूर्ण झाले असे समजू नये, कारण आत राहिलेला ओला चिखल महिनोन्महिने चासी आतून खात राहतो. मागचे ड्रम उघडून साफ करण्याचा कंटाळा बहुतेकांना येतो, मलाही येतो, पण ब्रेक दाबल्यावर येणारा खरखर आवाज लायनर संपल्याचा आहे की अडकलेल्या वाळूचा, हे ड्रम उघडल्याशिवाय कळत नाही.

डिफरन्शिअलमधले पाणी

घरगुती देखभालीत सर्वांत महाग पडणारे दुर्लक्ष याच ठिकाणी होते, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. घाट उतरून आलेल्या गाडीचे डिफरन्शिअल, म्हणजे ॲक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, गरम असते. ते एकदम ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, पोकळीत दाब कमी होतो आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या भोकातून) किंवा सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, आवाजही येत नाही. पुढच्या काही शे किलोमीटरमध्ये तेल आणि पाणी घुसळून त्याचा दुधाळ चहासारखा रंग होतो, वंगणाची पकड जाते आणि क्राऊन-पिनियन या आतल्या गिअरच्या दातांवर व बेअरिंगवर गंज धरू लागतो.

नव्या गाड्यांचे मालक या बाबतीत अधिक निर्धास्त असतात, आणि त्याचे कारण माहितीपत्रकात असते. २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारसाठी कंपनीने पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे. पण एवढ्या खोल पाण्यात चाकाचा मध्य आणि मागचा ॲक्सल पूर्णपणे बुडालेले असतात, ही गोष्ट तो आकडा वाचताना सुटते. स्नॉर्केल (इंजिनासाठी हवा घेणारी उंच नळी) बसवल्यानेही फक्त इंजिनाचे नाक वर जाते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे ब्रीदर जिथल्या तिथेच राहतात. ब्रीदरला तेल सोसणारी लांब नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर नेणे हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे. मात्र नळी कुठे दुमडलेली नाही आणि सायलेन्सरला टेकत नाही, हे पाहून घ्यावे. नळी दुमडली तर गरम झालेली हवा सील फोडून बाहेर पडते.

तपासणीची पद्धत अशी : गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी, ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करून खाली काचेची बरणी धरावी. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर येते. चमचाभर पाणी निघाले किंवा तेल दुधाळ दिसले, तर सगळे तेल बदलावे. वरून थोडे नवे तेल घालून भागवण्यात अर्थ नाही.

येथे एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायलाच हवी. लोक उत्साहाने आधी ड्रेन प्लग काढतात, तेल पूर्ण गाळतात आणि नंतर भरण्याचा प्लग उघडायला जातात, तेव्हा तो गंजून बसलेला असतो. मग रिकाम्या डिफरन्शिअलची गाडी अंगणात अडकते. म्हणून भरण्याचा प्लग आधी उघडावा. तो उघडला नाही, तर ड्रेन प्लगला हातच लावू नये. तेल भरण्याच्या भोकाच्या काठाशी आले की थांबावे. डिफरन्शिअलच्या हायपॉइड दातांना जीएल-५ प्रतीचे तेल लागते, परंतु तेच तेल ‘जास्त चांगले’ म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नये, कारण त्यातील काही रसायने गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल, तर तेच घालावे.

चाकाच्या आतील तेलाचा ओघळ

जिप्सीच्या पुढच्या टायरवर आतून तेल ओघळलेले दिसले की दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातात. पहिला म्हणजे ब्रेक गळतो आहे. बोटावर घेऊन वास पाहिला तर गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र दर्प लगेच ओळखू येतो. ब्रेक ऑइल पातळ असते आणि त्याला तसा वास नसतो. दुसरा निष्कर्ष असा की नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावरचे बाहेरचे सील गेले आहे. ते बदलणे सोपे असते, म्हणून बदलले जाते, आणि महिन्याभरात ओघळ परत येतो. नकलमध्ये मुळात ग्रीस असायला हवे. तिथे पातळ तेल पोहोचले याचा अर्थ ॲक्सलच्या नळीतील आतले ऑइल सील गळते आहे. ते बदलल्याशिवाय बाहेरचे सील कितीही भारी आणले तरी टिकणार नाही.

न निघणारा फोर-बाय-फोरचा दांडा

चिखलातून डांबरावर आल्यावर फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा निघत नाही, म्हणून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) उघडण्याची तयारी केलेले लोक मी पाहिले आहेत. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसलेल्या गाडीत हा फरक चिखलावर चाके घसरून भरून निघतो, डांबरावर तो निघत नाही आणि शाफ्टमध्ये पीळ साठतो. त्या पिळामुळे दांडा घट्ट बसतो. त्यावर दांडा हिसडण्यापेक्षा स्टिअरिंग सरळ धरून गाडी चार-पाच मीटर मागे घ्यावी, दांडा आपोआप सैल होतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले, तर हाच त्रास सरळ रस्त्यावरही होतो.

तापणारे इंजिन आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

घाटात इंजिन तापले की ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे पानाच्या टपरीवरसुद्धा मिळतो. थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली येतो हे खरे असले, तरी मग इंजिन थंडीत नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जळते आणि मूळ दोष झाकला जातो. त्याआधी रेडिएटरच्या पत्र्यांत वाळलेला चिखल, सैल पट्टा, रेडिएटर कॅपचे झिजलेले रबर आणि कुलंटऐवजी वर्षानुवर्षे भरलेले बोअरचे क्षारयुक्त पाणी या गोष्टी तपासाव्यात. गरम असताना कॅप उघडू नये, हे सर्वांना माहीत असते आणि तरीही दरवर्षी कोणाचा तरी हात भाजतो.

पाण्यात बंद पडलेले इंजिन

ओढ्यात इंजिन बंद पडले की पहिली इच्छा पुन्हा सेल्फ मारण्याची होते, आणि तीच आवरायची असते. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडून पाहावा आणि तो ओला असेल तर पेट्रोल गाडीचे सगळे स्पार्क प्लग काढून, इंधन व इग्निशन बंद ठेवून, इंजिन आधी हाताने फिरवावे. डिझेल गाडीत हेच काम ग्लो प्लग काढून करावे लागते. इंजिन ऑइल दुधाळ झाले असल्यास ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

ब्रेक, जॅक आणि नट

ब्रेक सिलिंडरचे रबर पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ नये, ते फुगते आणि ब्रेक अडकतो. ताजे ब्रेक ऑइलच वापरावे. क्रॉसच्या निप्पलवरची माती पुसल्याशिवाय ग्रीस गन लावू नये, नाहीतर ग्रीसबरोबर वाळूही आत जाते.

जॅकच्या बाबतीत ऑफ-रोड गाडीचा धोका थोडा निराळा असतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिली, तर गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळते. मागचे एकच चाक उचललेले असेल, तर अधांतरी चाक उलटे फिरते आणि गिअर गाडीला धरू शकत नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (अडसर) लावावी, गाडीखाली शिरण्यापूर्वी लोखंडी स्टँड द्यावेत आणि विटांवर गाडी टेकवू नये, कारण वीट सूचना न देता फुटते. काम संपल्यावर चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, कोरडेच आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू बोल्ट उघडले असतील, तर तेही त्याच वेळी.