टेक कॉन्फरन्सला व्हॉलंटियर किंवा वक्ते म्हणून जाताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये टेक मीटअप आणि छोट्या कॉन्फरन्स भरायला लागल्या याचा मला मनापासून आनंद आहे. एकेकाळी असं काही ऐकायचं तर सकाळी पंचवटी पकडून मुंबई गाठायची, नाहीतर पुण्याला मुक्काम टाकायचा. आता कॉलेजची पोरं स्वतः हॉल मिळवतात, वक्ते बोलावतात, पोस्टर करतात. चुका मात्र दरवेळी त्याच होतात आणि नवीन पोरांना त्या कुणी आधी सांगत नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी माझा आग्रह सांगते. नवीन माणसाला थेट स्टेजवर जायचं असतं. मी म्हणते, आधी एक-दोन कार्यक्रमांत खुर्च्या लावा, नोंदणीच्या टेबलावर बसा, प्रश्नोत्तरांच्या वेळी माईक घेऊन रांगांमधून फिरा. हॉलच्या मागच्या भिंतीला उभं राहिलं की शेवटच्या रांगेला पडद्यावरचं काय दिसत नाही ते कळतं, आणि लोक कधी मोबाइल काढतात तेही कळतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका ही पायरी गाळणारेच करतात.

हॉलच्या वायफायवर वर्कशॉप सोडणं

ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण तिच्यात नुकसान सगळं शिकायला आलेल्यांचं होतं.

शहरातल्या एका कॉलेजात लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं, वर्कशॉप होतं. मी नोंदणीला बसले होते. पन्नासेक पोरं आली. काही शहरातली, काही निफाड-सिन्नरहून सकाळची एसटी पकडून आलेली. वक्ते बाहेरगावचे, अनुभवी गृहस्थ. पहिल्याच स्लाइडवर त्यांनी उबुंटूची (हा लिनक्सचाच एक प्रकार) लिंक दिली आणि म्हणाले, "चला, सगळ्यांनी डाउनलोड करा."

इथे हिशेब मांडून बघा. उबुंटू 24.04 ची डेस्कटॉप फाइल जवळपास 6 जीबीची आहे. पन्नास जणांचे झाले 300 जीबी. कॉलेजची लाइन 100 एमबीपीएसची, आणि ती पूर्ण वेगाने फक्त आपल्यालाच मिळाली असं धरलं, तरी पावणेसात तास लागतात. वर्कशॉप होतं तीन तासांचं. हा गुणाकार आदल्या दिवशी कुणीही केला नव्हता.

पुढे व्हायचं तेच झालं. जोडलेल्या प्रत्येक मशीनला राउटर एक पत्ता (आयपी ॲड्रेस) देतो, आणि साध्या राउटरकडे वाटायला असे जेमतेम अडीचशे पत्ते असतात. त्या दिवशी प्रत्येकाचा लॅपटॉप, प्रत्येकाचा मोबाइल आणि शेजारच्या वर्गातले मोबाइल त्याच जाळ्यावर होते. उशिरा आलेल्यांना पत्ताच मिळेना. मग कुणीतरी म्हणालं, "हॉटस्पॉट आहे ना!" आणि खोलीभर हॉटस्पॉट सुरू झाले. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. एवढे हॉटस्पॉट त्यात घुसल्यावर जे चाललं होतं तेही रडतखडत चालू लागलं. वक्ते म्हणाले, तोपर्यंत प्रश्न विचारा. ज्यांनी लिनक्स कधी बघितलंच नाही ते काय विचारणार?

जेवणाच्या सुट्टीत सिन्नरचा एक मुलगा टेबलापाशी आला. लॅपटॉप उघडाच हातात धरलेला, डाउनलोडची पट्टी 43 टक्क्यांवर अडकलेली. म्हणाला, "ताई, हे बंद केलं तर घरी जाऊन इथूनच पुढे सुरू होईल का?" ब्राउझर आणि सर्व्हर कसा आहे त्यावर ते अवलंबून असतं, कधीकधी पुन्हा पहिल्यापासूनच करावं लागतं. तसं सांगितलं त्याला. तो त्या दिवशी लिनक्स न बघताच परत गेला.

माझी सवय सांगते. मी वर्कशॉपला इंटरनेट नाहीच असं धरून जाते. मोठी फाइल यूएसबी 3 च्या पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह भरपूर. पाच जणांमागे एक दिला की अर्ध्या तासात सगळ्यांकडे फाइल पोचते. छोट्या फाइलींसाठी स्वतःचा राउटर आणि एक जुना लॅपटॉप. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत छोटा वेब सर्व्हर मुळातच असतो, एका ओळीत सुरू होतो. त्याचा पत्ता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा, म्हणजे इंटरनेट नसतानाही पोरं आपल्या लॅपटॉपवरून फाइल उचलतात. यासाठी कॉलेजच्या वायफायच्या भरवशावर राहू नका. सुरक्षेसाठी पुष्कळ ठिकाणी एका लॅपटॉपला दुसरा दिसू नये अशी सोय केलेली असते. मग सर्व्हर चालू, पत्ता बरोबर, आणि तरी कुणालाच पान उघडत नाही. अर्धा तास त्यात जातो.

पायथनची पॅकेजं (तयार कोडचे संच) आधी उतरवून नेणार असाल तर विंडोजसाठी वेगळी आणि लिनक्ससाठी वेगळी घ्या, पायथनची आवृत्तीही जुळवा. आपल्या मशीनवर चाललं म्हणजे सगळीकडे चालेल, हा उतावळेपणा आहे. आणि "दोन दिवस आधी ग्रुपवर मेसेज टाकला होता" हे उत्तर माझ्याकडे चालत नाही. मेसेज जरूर टाका. पण ज्यांच्याकडे घरी वायफाय नाही, ज्यांचा रोजचा डेटा दुपारपर्यंत संपतो, त्यांनी 6 जीबी कुठून आणायचे? अशाच पोरांसाठी तर वर्कशॉप घ्यायचं असतं.

मराठी स्लाइड आणि परका लॅपटॉप

मराठीत बोला, स्लाइड मराठीत करा, हे मी प्रत्येकाला सांगते. नाशिकमध्ये इंग्रजीतून बोलून अर्धा हॉल गप्प बसवण्यात काही अर्थ नाही. पण मराठी स्लाइड म्हटली की फॉन्टची काळजी घ्यावी लागते. घरच्या लॅपटॉपवर छान दिसणारी फाइल आयोजकांच्या लॅपटॉपवर उघडली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसतात. कुणी डीटीपीच्या दुकानातून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये मजकूर करून आणला असेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी. ते जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे, नव्हेत. तो फॉन्ट त्या मशीनवर नसला की अक्षरच उरत नाही.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. मी "मुक्त" किंवा "नोटो सान्स देवनागरी" हे फॉन्ट वापरते, दोन्ही फुकट मिळतात. शेवटी पीडीएफ करा आणि ती दुसऱ्याच्या मशीनवर उघडून "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "कॅमेरा" असे शब्द नीट दिसतात का ते डोळ्यांनी बघा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे सहसा अडत नाही. ॲनिमेशन जातं. जाऊ दे.

कॉलेजातले कितीतरी प्रोजेक्टर अजून 1024 बाय 768 पिक्सेलचे, म्हणजे कमी बारकाव्याचे, आहेत आणि खिडक्यांना पडदे नसतात. काळ्या पार्श्वभूमीवरचा राखाडी कोड तिथे कुणालाही वाचता येत नाही. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, एका स्लाइडवर दहा ओळींच्या आत कोड. टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर जाईलच असं समजू नका, काही पोर्ट नुसते चार्जिंग आणि डेटापुरते असतात. स्वतःचा ॲडॉप्टर आणा, त्यावर नाव लिहा आणि आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये त्याच प्रोजेक्टरला लावून बघा. आदल्या दिवशी जमत नसेल तर सकाळी पहिल्या माणसाच्या आधी या. "माझ्या लॅपटॉपला कधी प्रॉब्लेम येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी दहा-दहा मिनिटं थांबलेले हॉल मी पाहिलेत.

वीज

साध्या 6 ॲम्पिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला साधारण 1380 वॉट घेता येतात. 65 वॉटचे वीस लॅपटॉप चार्जर लागले की ते भरलंच. त्याच बोर्डवर कुणी 1500 वॉटची चहाची किटली लावली तर एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडणार आणि प्रोजेक्टर, माईक, रेकॉर्डिंग सगळं एकदम बंद होणार. व्हॉलंटियरने चहाचा पॉइंट वेगळ्या सर्किटवर आहे ना हे शिपाईकाकांना विचारून घ्यावं. कुठला स्विच कुठल्या बोर्डाचा, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. म्हणून सकाळी पहिला नमस्कार मी त्यांना करते.

वेळेचे घोटाळे

पुण्याच्या वक्त्याला सकाळचं पहिलं सत्र देऊ नका. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आणि मध्ये चाकणची कोंडी. मुंबईहून तपोवन एक्सप्रेसने येणाराही साडेनऊच्या आधी नाशिकरोडला उतरत नाही, आणि स्टेशनपासून कॉलेज रोडपर्यंत आणखी अर्धा तास धरावाच लागतो. एकतर आदल्या रात्री मुक्कामाला बोलवा, नाहीतर दुपारचं सत्र द्या.

दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं लांबतात. मान्यवरांचा मान ठेवायलाच हवा, हॉल त्यांच्यामुळेच मिळालेला असतो. पण ती वेळ वेळापत्रकात खरी लिहा. पंधरा मिनिटं लिहून पाऊण तास घेतला की तो पहिल्या वक्त्याच्या वाट्यातून जातो. आणि वक्त्याने चाळीस मिनिटांच्या बोलण्याची वीस मिनिटांची आवृत्ती तयार ठेवावी. कुठल्या स्लाइड गाळायच्या ते घरी ठरवा. स्टेजवर भराभर बटण दाबत "हे सोडून देऊ, हेही सोडून देऊ" करणं म्हणजे समोर बसलेल्यांचा वेळ वाया घालवणं आहे. टाइमकीपरने 10, 5 आणि 2 मिनिटांच्या पाट्या घेऊन वक्त्याला दिसेल असं उभं राहावं, आणि वेळ संपली की समोर जावं, मग वक्ता कितीही मोठा असो.

विषय निवडताना

प्रस्ताव वाचायला बसले की "एआयचं भविष्य", "डेटा सायन्स: एक ओळख" अशी शीर्षकं ढिगाने येतात. हे विषय यूट्यूबवर हवे तेवढे पडलेत. निफाडकडच्या एका मुलाचाही असाच प्रस्ताव आला होता. त्याला फोन केला आणि विचारलं, "तू स्वतः काय केलंयस?" थोडा लाजला, मग सांगू लागला. लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे भाव रोज आपोआप उचलून तो आलेख काढतो, कारण माल कधी न्यायचा याची चर्चा घरी रोज होते. लाल आणि उन्हाळी कांद्याचे भाव एकत्र मिसळले की आलेख कसा फसवतो, एखाद्या दिवशी लिलाव बंद असला तर ती रिकामी जागा शून्य धरायची की नाही, हे त्याला व्यवस्थित माहीत होतं. मी म्हटलं, हेच बोल, दुसरं काही नको. त्याच्या सत्रानंतर पोरं त्याला सोडेनात.

2015 च्या सिंहस्थाआधी इथे कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधणारं शिबिर, झालं, तेव्हा मूळचे नाशिकचे एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर आणि इथली तरुण मंडळी शहराचेच प्रश्न घेऊन बसली होती. आता 2027 चा कुंभ आहे. गर्दी, पाणी, रस्ते, हरवलेली माणसं, विषयांना तोटा नाही. पहिल्यांदा बोलणार असाल तर पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकपासून सुरुवात करा. ब्रुसेल्सला दरवर्षी होणाऱ्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनातल्या सत्रांचे व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. साधी माणसं स्वतःच्या कामाबद्दल किती साधं बोलतात ते त्यात बघा.

बाकीच्या थोडक्यात

ओळखपत्रावर नाव एवढं मोठं असावं की दोन हातांवरून वाचता येईल.

प्रश्न माईकशिवाय आला तर वक्त्याने तो आधी मोठ्याने पुन्हा सांगावा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसतं उत्तर राहतं.

लाइव्ह डेमो करणार असाल तर तोच डेमो रेकॉर्ड करून जवळ ठेवा.

स्टेजवर जाण्याआधी व्हॉट्सॲप बंद करा.

नोंदणीला एकटा माणूस बसवू नका. त्यालाही जेवायला जायचं असतं.

आपलं सत्र झालं की लगेच निघू नका. हॉलमध्ये लाजून न विचारलेले प्रश्न चहाच्या वेळी विचारले जातात, आणि पोरांना खरी अडचण तीच असते. स्लाइड त्याच संध्याकाळी आयोजकांना पाठवा, "उद्या पाठवतो" म्हणणाऱ्यांच्या मागे व्हॉलंटियर महिनाभर लागलेले असतात. आणि व्हॉलंटियरांनो, हॉल सोडण्याआधी एक्स्टेंशन बोर्ड, ॲडॉप्टर, माईकचे सेल आणि पेन ड्राइव्ह सकाळच्या यादीशी जुळवून घ्या. यादी कागदावर असू द्या, तोवर सगळ्यांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली असते.