कंपन्यांच्या आकड्यांतून बातमी कशी शोधावी: निवडणूक रोख्यांच्या याद्या हाताशी घेऊन

उद्योगजगतातील शोधपत्रकारिता म्हटली की कोणीतरी गुपचूप आणून दिलेली फाइल डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बरीचशी सामग्री उघड्यावरच असते. ती दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असते आणि जोडण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात, एवढेच. हे जोडकाम शिकण्यासाठी निवडणूक रोख्यांच्या याद्या सोयीच्या आहेत. हे रोखे भारतीय स्टेट बँकेतून विकत घेऊन राजकीय पक्षाला नाव जाहीर न करता देणगी देता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना रद्द केली. रोख्यांचा तपशील देण्यासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागणाऱ्या बँकेची विनंती ११ मार्चला फेटाळली गेली आणि १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या. एकीत रोखे घेणाऱ्यांची नावे, दुसरीत ते वटवणारे पक्ष. कोणाचा रोखा कोणाकडे गेला, हे मात्र दोन्हींत नव्हते.

आकड्यांना हात लावण्याआधी प्रश्न लिहून काढावा. ‘सर्वांत जास्त रोखे कोणी घेतले?’ याचे उत्तर तासाभरात सगळ्यांकडे असते; फ्यूचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेसचे १,३६८ कोटी त्या रात्रीच सर्वत्र झळकले. ‘जिचा नफा तुटपुंजा आहे, त्या कंपनीने एवढे रोखे कसे घेतले?’ हा प्रश्न अधिक खोल जातो, कारण त्यासाठी तिसरी सामग्री, म्हणजे कंपनीचे हिशेब, आणावी लागते.

त्यानंतर मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवून तिच्या प्रतीवर काम सुरू करावे. पीडीएफमधील तक्ते टॅब्युलासारख्या मोफत साधनाने एक्सेलमध्ये आणता येतात, पण आणल्यावर लगेच ओळी मोजाव्यात आणि बेरीज जुळवून पाहावी. येथे थोडे थांबणे इष्ट आहे. पहिल्या यादीत १८,८७१ रोखे घेतल्याची नोंद होती, तर दुसरीत २०,४२१ वटवल्याची. घेतल्यापेक्षा १,५५० जास्त वटले, म्हणजे घबाड सापडले, असे क्षणभर कोणालाही वाटेल. उत्तर बँकेने न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात होते. याद्या १२ एप्रिल २०१९ पासूनच्या होत्या. त्याआधी, १ ते ११ एप्रिल या काळात ३,३४६ रोखे विकले गेले होते आणि त्या अवधीत १,६०९ वटले होते. म्हणजे त्यांतले १,७३७ नंतर वटायचे राहिले होते. त्यातून ते १,५५० वजा केले की १८७ राहतात, आणि न वटलेले रोखेही अगदी तेवढेच होते. त्यांची रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधीत जमा झाली. हिशेब एका रोख्याचाही फरक न राहता जुळतो. ज्याने प्रतिज्ञापत्र वाचले नसेल, त्याने मात्र चुकीची बातमी दिली असती.

पुढचे काम कंटाळवाणे आहे आणि सर्वाधिक वेळ तेच खाते: नावांची साफसफाई. एकच कंपनी एका ओळीत ‘प्रायव्हेट लिमिटेड’, दुसरीत ‘प्रा. लि.’ आणि तिसरीत एखादे अक्षर गळालेली असू शकते. ओपन रिफाइन या माहिती साफ करण्याच्या साधनात सारखी दिसणारी नावे गटाने समोर येतात, पण ती एक करण्याचा निर्णय यंत्रावर सोडू नये. नावे जवळपास सारखी असलेल्या दोन वेगळ्या कंपन्या भारतात सर्रास सापडतात. म्हणून प्रत्येक कंपनीपुढे तिचा २१ अक्षरांचा ओळख क्रमांक, म्हणजे ‘सीआयएन’, लिहावा. त्याचे पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे (एल) की नाही (यू) हे सांगते; नंतर उद्योगाचा पाच आकडी संकेत, राज्याची दोन अक्षरे, महाराष्ट्रासाठी एमएच, आणि मग स्थापनेचे वर्ष येते. हे वर्ष फार बोलके असते, कारण कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार तीन आर्थिक वर्षे पूर्ण न झालेल्या कंपनीला राजकीय देणगी देता येत नाही. तरीही घाई नको: जुनी भागीदारी संस्था कंपनीत रूपांतरित झाली असेल, तर क्रमांकात नवे वर्ष दिसते.

आता जोडणी. २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक प्रसिद्ध होईपर्यंत तारीख आणि रक्कम यांवरून देणारा-घेणारा जुळवण्याचे प्रयत्न म्हणजे अंदाजच होते. एकाच दिवशी एक कोटीचे कितीतरी रोखे वटत होते. क्रमांक आल्यावरही केवळ आकडा पुरत नाही, त्याआधीची अक्षरेही (एक कोटीसाठी ओसी, दहा लाखांसाठी टीएल) सोबत घेऊन जोडावे. जोडणी झाली की वीस-पंचवीस ओळी डोळ्यांनी मूळ पीडीएफशी ताडून पाहाव्यात.

हिशेबांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून एका कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक ‘एओसी-४’ या अर्जासोबत असते. पत्रकाच्या डोक्यावर ‘रुपये लाखांत’ आहे की ‘हजारांत’, हे आधी पाहावे. मी स्वतः एकदा ते न पाहता एका कंपनीचा नफा शंभरपट करून बसलो होतो. संपादकांनी विचारले नसते तर छापूनही आला असता. रोख्याची तारीख योग्य आर्थिक वर्षात टाकणेही तितकेच महत्त्वाचे: जानेवारी २०२१ चा रोखा २०२०-२१ मध्ये जातो, एप्रिलचा २०२१-२२ मध्ये.

कायदाही त्या तारखेचाच लावावा. मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देणगी नको, ही मर्यादा २०१७ च्या वित्त कायद्याने काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द केली, पण मधल्या काळात जास्त देणाऱ्या कंपनीने नियम मोडला, असे लिहिता येत नाही. ‘नफ्यापेक्षा जास्त रोखे घेतले’ एवढेच सिद्ध होते. तपास यंत्रणांच्या छाप्यानंतर रोखे घेतलेल्या कंपन्यांबाबतही हेच. तारखा शेजारी-शेजारी मांडाव्यात, पण छापे पडूनही काही न घेतलेल्या आणि छापे न पडता घेतलेल्या कंपन्या मोजल्याशिवाय संबंध जोडू नये.

शेवटी प्रत्येक कंपनीला लेखी प्रश्न पाठवावेत. त्यात ‘आपले म्हणणे काय?’ असे मोघम न विचारता आपला आकडा, तो कोणत्या कागदातून आला आणि गणित कसे केले, हे सारे लिहावे आणि उत्तरासाठी वाजवी दिवस द्यावेत. काही वेळा समूहातील मूळ कंपनीचा नफा मोठा असल्याचे कागद परत येतात आणि आपल्या तक्त्यातील एक ओळ खोडावी लागते. ती खोडून, का खोडली याची तारखेसह नोंद कामाच्या वहीत करून, मगच मजकूर संपादकांकडे द्यावा.