नवा किंडल घ्यायच्या आधी या चुका टाळा

ॲमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रांवर, म्हणजे किंडलवर, सेल लागला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, “जुना किंडल काढून नवा घेऊ का?” मी उलट विचारते, जुन्याचं दुखणं काय? बऱ्याचदा उत्तरात असं काहीतरी निघतं, जे नव्या यंत्रानेही बरं होणार नसतं.

सगळ्यात मोठा घोळ मराठी फायलींचा. जोडाक्षरं तुटतात, मध्येच रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतात, आणि माणूस स्क्रीनला दोष देऊन मोकळा होतो. युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) सर्रास होण्याआधी मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवली जात. तशा फायलीत ‘क’च्या जागी खरं तर भलतंच चिन्ह साठवलेलं असतं, फक्त त्या फॉन्टमध्ये ते ‘क’ दिसतं. पीडीएफच्या पोटात फॉन्ट असतो म्हणून पान देखणं वाटतं. तीच फाईल ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाईल-प्रकारात, बदलली की सगळा विचका. खात्री करायची असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथेही अगम्य काहीतरी उमटलं तर दोष फायलीचा. युनिकोड कन्व्हर्टर किंवा ओसीआर (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारी प्रणाली) हाच मार्ग. सोळा-सतरा हजारांचं नवं यंत्र तिथे काही करू शकत नाही.

स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच. “सहा इंचावर बारीक दिसतं, सात इंची घेते” म्हणणाऱ्यांनी पट्टी घेऊन बसावं. सहा इंची पडद्याची रुंदी साधारण ३.६ इंच, सात इंचीची ४.२. डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान मात्र साडेपाच इंच रुंद. समास कापून टाका, पडदा आडवा करून वाचा, नाहीतर ती पुस्तकं घरच्या टॅबवर ठेवा. स्कॅनच वाचायचे असतील तर थेट दहा इंची यंत्र बघा.

दुसरी घाई बॅटरीवरून होते. मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेली दोन-तीनशे पुस्तकं एकदम टाकली की किंडल प्रत्येक पुस्तकाची शोधसूची बनवत बसतो. तेवढा वेळ तो रखडतो आणि चार्ज भराभर उतरतो. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा. तरीही उतरतच राहिला तर एखादी बिघडलेली फाईल अडकलेली असते. शेवटी टाकलेली पुस्तकं काढून पाहा. पॉवरचं बटण चाळीसेक सेकंद दाबून धरलं की यंत्र पुन्हा सुरू होतं, अर्धी दुखणी तिथेच संपतात. वाचताना वाय-फाय बंद ठेवा. आणि भर दुपारी उघड्या फलाटावर लाइट पूर्ण वाढवून काय मिळतं कोण जाणे, किंडलच्या ई-इंक पडद्याला उन्हात लाइट लागतच नाही.

चार्जच होत नसेल तर आधी केबल बदला. जुन्या मायक्रो-यूएसबी खाचेत बॅगेतला कचराही बसतो. तो काढूनही खाच ढिली लागत असेल, तर मात्र नव्याचा विचार रास्त आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात उघडून दुरुस्त करणारे भेटतात, पण २०१८पासूनच्या पेपरव्हाइटचा (साध्या किंडलपेक्षा महाग प्रकाराचा) पुढचा पडदा चिकटवलेला असतो आणि उघडताना पडदा गेला तर दुरुस्तीत अर्थ उरत नाही.

आता लोकलची गोष्ट. नवं म्हणजे हलकं, हा समज चुकीचा. २०१८चा पेपरव्हाइट १८२ ग्रॅमचा, २०२४चा २११ ग्रॅमचा, वर कव्हर वेगळं. चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तर फरक पडत नाही. पण डोंबिवलीपासून एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक असेल तर ठाण्यापर्यंत मनगट बोलायला लागतं. तुमचं वाचन उभ्याने होत असेल तर १५८ ग्रॅमचा साधा सहा इंची किंडल जास्त कामाचा. तो वॉटरप्रूफ मात्र नाही. पावसाळ्यात पारदर्शक झिपलॉक पिशवीत ठेवा, टच त्यातूनही चालतो. पेपरव्हाइट २०१८पासून वॉटरप्रूफ आहे, तरी पडद्यावर थेंब पडले की पानं आपोआप उलटतात. आणि भिजल्यावर खाच पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावायचा नाही, वॉटरप्रूफ असला तरी.

मग घ्यायचा कधी? माझा निकष अक्षरांचा. पहिल्या दोन पेपरव्हाइटना इंचाला २१२ ठिपके होते, २०२२च्या आधीच्या साध्या किंडलना १६७. आता दोन्हींना ३०० आहेत. इंग्रजीला कमी ठिपके चालून जातात. देवनागरीत वर रफार-अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, त्यामुळे बारीक टाइपात फरक लगेच कळतो. तुमच्याकडे असं जुनं यंत्र असेल तर खुशाल बदला. २०१८चा पेपरव्हाइट असेल आणि रात्री दिवा मालवून वाचत असाल, तर २०२१पासून आलेला पिवळसर उजेड आणि यूएसबी-सी यांसाठी बदलायला हरकत नाही. २०२१चाच असेल तर पैसे पुस्तकांवर घाला. रंगीत पडद्याचा मोह कथा-कादंबऱ्यांसाठी नको. रंग १५० ठिपक्यांतच दिसतो आणि रंगाच्या थरामुळे पान किंचित काळवंडतं.

किंडल सोडून कोबो या दुसऱ्या कंपनीच्या यंत्राकडे जायचं असेल तर विकत घेतलेली बहुतेक पुस्तकं मागेच राहतात, त्यांना दुसऱ्या यंत्रावर उघडू न देणारं कुलूप असतं. वेबसाइटवरून पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

जुना विकताना आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं डीरजिस्टर करा, म्हणजे यंत्राची खात्याशी जोडणी तोडा, मगच रीसेट. नुसतं पुस्तकं पुसून दिलात तर घेणारा तुमच्या कार्डावर पुस्तकं मागवू शकतो. घरातच आजीला द्यायचा असेल तर उलट खातं राहू द्या, अक्षरं मोठी करा आणि पिनचं कुलूप तेवढं काढा.